फियाट ११००: इंजिन फाउंडेशन ओरिजिनल ठेवू की मेस्त्री म्हणतोय तसं बदलू?

शहापूरची डिलाइट

नमस्कार मंडळी, बेळगावहून लिहितोय. घरात १९७० ची फियाट ११०० डिलाइट आहे, आजोबांची. रिंगा आणि क्लच प्लेटसाठी इंजिन खाली घेतलंय आणि त्यानिमित्तानं फाउंडेशन (इंजिन गाडीत ज्यांच्यावर बसतं ती रबर लावलेली ब्रॅकेट) पहिल्यांदाच नीट हातात धरून बघायला मिळाली. पुढची दोन आणि गिअरबॉक्सखालचं एक, तिन्ही कंपनीचीच वाटतात, म्हणजे लोखंडावर जुना काळा रंग अजून आहे, कुणी ग्राइंडर मारल्याची खूण नाही, भोकं मोठी केलेली नाहीत. पण रबराची अवस्था बघवत नाही. क्लीनर साइडचं (म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारची, डावी बाजू) प्लेटपासून सुटलंय, मधे नख जातंय. ड्रायव्हर साइडचं इतकं कडक झालंय की स्क्रू ड्रायव्हर दाबला तरी खड्डा पडत नाही, आणि मागचं ऑइल पिऊन फुगलंय, बोट लावलं की बोट काळं.

गाडी काय त्रास द्यायची तेही सांगतो. आयडलला स्टेअरिंग थरथरायचं, पहिल्या गिअरमधे क्लच सोडला की खालून कट्ट करून आवाज, आणि चोर्ला घाटात चढताना सेकंड टाकायला गेलं की दांडी अडकायची (कॉलम शिफ्ट आहे, म्हणजे गिअरची दांडी स्टेअरिंगपाशी, हे माहिती असेलच). मी समजत होतो क्लचचाच प्रॉब्लेम आहे.

आता भानगड अशी. मेस्त्री उद्यमबागकडं आहे, हात चांगला, माणूस पण चांगला, पण त्याचं म्हणणं हे सगळं भंगारात घाला, मी दुसऱ्या गाडीची रबरं आणतो, क्रॉस मेंबरला (इंजिनाखालचा गाडीचा आडवा लोखंडी भाग) दोन पट्ट्या वेल्ड मारल्या की विषय संपला, परत बघायला नको. आणि घरात काका आहेत ते एकदम दुसऱ्या टोकाला, आजोबांच्या गाडीतला एक नट बदललेला चालणार नाही, आहे तेच घासून पुसून परत बसव, इतकी वर्षं चाललंय की. मी मधे. गाडी शोकेसमधे ठेवायची नाहीये, शिनोळीवरून आंबोली, कधी चोर्ल्यातून गोवा, अशी फिरवायची आहे. पण उगीच ओरिजिनल वस्तू घालवून बसलो असंही नको व्हायला. तुम्ही असता तर काय केलं असतं?

निपाणी बायपास

भावा एवढा इचार कशाला करालायस. पीयूचे बुश बनवून घे, पीयू म्हंजे पॉलियुरेथेन, ऑइल लागू दे, डिझेल लागू दे, काय होत न्हाई त्याला. माझ्या जीपला हायत. फाउंडेशन कुणाला दिसतंय बॉनेटखाली, ओरिजिनल ओरिजिनल करत बसलास तर इंजिन वर्षभर गॅरेजमधीच पडतंय बघ. एक मातर, मेस्त्रीला वेल्डिंग मारू देऊ नको.

चिकोडीचा ॲम्बी मामा

वरच्या पाहुण्याच्या शेवटच्या ओळीशी सहमत, बाकीशी नाही.

माझ्याकडं ॲम्बॅसिडर आहे, फियाट नाही, पण फाउंडेशनचं गणित दोन्हीकडं एकच. फाउंडेशन म्हणजे एक वस्तू नसते हे आधी डोक्यात घ्या. त्यात दोन वस्तू आहेत. एक लोखंड, म्हणजे ब्रॅकेट, प्लेटा, स्पेसर, बोल्ट. दुसरं रबर. लोखंड कंपनीनं गाडीच्या आयुष्यभरासाठी दिलेलं असतं, रबर तसं कधीच नव्हतं. नवी गाडी असताना पण सर्व्हिसमधे रबर बदलायचेच की लोक. कोल्हापुरी चपलेचा तळ झिजला की मोची तळ बदलून देतो, म्हणून चप्पल नवी झाली असं कोणी म्हणत नाही. त्यामुळं काकांना सांगा, आजोबांनी स्वतः ही गाडी वापरली असती तर त्यांनीच एव्हाना दोनदा रबर बदललं असतं.

आता आहे तेच परत बसवलं तर काय होतंय ते पण काकांना सांगा. तुमचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन वेळा पेटतं. आयडल ७०० धरला तर मिनिटाला १४०० झटके, म्हणजे सेकंदाला तेवीस. हे झटके बॉडीत जाऊ द्यायचे नाहीत हे रबराचं एक काम, आणि तुमचं कडक झालेलं रबर ते करत नाही म्हणून स्टेअरिंग थरथरतंय. दुसरं काम, इंजिनाला जागेवर धरून ठेवणं. तुम्ही क्लच सोडता, प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारा दांडा, फिरायला लागतो, त्याची उलटी ताकद इंजिनावर येते आणि इंजिन एका अंगाला कलंडायला बघतं. इंजिन पुढून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतं, त्यामुळं ब्लॉक उलट्या दिशेला ढकलला जातो आणि क्लीनर साइड वर उचलते. म्हणून बहुतेक गाड्यांत क्लीनर साइडचंच रबर आधी फाटतं. तुमचं पण तेच सुटलंय बघा. ड्रायव्हर साइडचं दाबलं जातं, ते फाटत नाही, बसतं आणि कडक होतं. तुमचा कट्ट आवाज म्हणजे सुटलेली प्लेट उचलून परत आपटतेय, दुसरं काही नाही.

आणि तो सेकंड गिअर. कॉलम शिफ्टला दांडी बॉडीवर, गिअरबॉक्स रबरावर, आणि दोघांच्या मधे लिंकेजच्या सळ्या. इंजिन गिअरबॉक्स खाली बसलं किंवा घाटात लोड आल्यावर कलंडलं की सळ्यांचं माप चुकतं. क्लच प्लेट नवी घालून हा त्रास जाणार नाही, आधीच सांगून ठेवतो. लोक गिअरबॉक्स उघडतात याच्यासाठी, आणि आत काही सापडत नाही.

तर माझा सल्ला असा की लोखंड सगळं ठेवायचं, एक वॉशर पण टाकायचा नाही, रबर मात्र नवं घालायचं. कसं, ते रबरवाले सांगतील. मला पीयू का नको वाटतं तेही कोणीतरी सांगेलच, मी सांगितलं तर भांडण होतंय.

निपाणी बायपास

मामा भांडण कशाला, सांगा की.

चिकोडीचा ॲम्बी मामा

जीपमधे बसल्यावर दात हलतात तुझे, तुला कळत नाही एवढंच. जीपला चालतंय ते. डिलाइटमधे माणूस शांत बसायला जातो.

शहापूरची डिलाइट

मामा, लई आभार. क्लीनर साइडचं का फाटलं हे कोणीच सांगितलं नव्हतं मला.

एक विचारायचं राहिलं. लोखंड ठेवायचं म्हणता, पण बाजारात तयार फाउंडेशन मिळतातच की, पद्मिनीची म्हणून (ह्याच फियाटचं पुढचं मॉडेल). एका दुकानात बघितलं, प्लेट हातानं थोडी वाकली, आणि रबर आत्ताच वास मारतंय. दुसरीकडं एकजण म्हणाला जुन्या स्टॉकमधलं कंपनीचं पॅक सेट आहे, कधीच न वापरलेलं, पण किंमत ऐकून मी चहा पण न पिता आलो. ते पॅक सेट घेणं जास्त शहाणपणाचं का? कागदात गुंडाळलेलं आहे, ओरिजिनलच्या ओरिजिनल.

उद्यमबाग रबर मोल्डिंग

ह्या विषयात माझी पोळी भाजून घेतोय असं नको वाटायला, म्हणून आधीच सांगतो की माझं छोटं रबर मोल्डिंगचं काम आहे, बुश, ऑइल सील, पंपाचे कपलिंग असलं. तुमचं काम माझ्याकडंच द्या असं म्हणत नाही, आपल्या बेळगावात आणि तिकडं कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, सगळीकडं हे करणारे लोक आहेत. पण काय करायचं आणि काय नाही ते नीट सांगतो.

पहिला पॅक सेटचा विषय. लोखंडाचं पार्ट पॅक असलं तर सोनं, रबराचं पार्ट पॅक असलं तर संशय घ्या. रबर न वापरता पण म्हातारं होतं. हवेतला ओझोन त्याला बारीक चिरा पाडतो, उष्णतेनं ते कडक होत जातं, आणि आपल्याकडं एप्रिल मे मधे पत्र्याच्या गोडाऊनमधे काय होत असेल तुम्हीच बघा. पद्मिनी बंद होऊन वीस वर्षांच्या वर झाली, त्यामुळं कंपनीचं पॅक म्हणजे रबर त्याहून जुनं, हा साधा हिशोब आहे. बघायचं असेल तर हातात घेऊन थोडं वाकवा, वाकवलेल्या जागेवर कोळिष्टकासारख्या बारीक रेषा दिसल्या तर परत द्या. तरी ते सेट मिळालं तर मला एका कारणासाठी हवंय, ते पुढं सांगतो.

दुसरं, तुमचं लोखंड ठेवून त्याच्यावर नवं रबर चढवता येतं. याला आम्ही रिबाँडिंग म्हणतो. जुनं रबर सुरीनं कापून काढायचं, मग प्लेट ब्लास्टिंग करून पांढरी स्वच्छ करायची, मग त्याच्यावर बाँडिंगचं केमिकल, आधी प्रायमर मग वरचा कोट, आणि मग डायमधे, म्हणजे साच्यात, प्लेट ठेवून कच्चं रबर भरून प्रेसमधे दाबून साधारण १५० डिग्रीला शिजवायचं. तिथं गंधक रबरात बांधला जातो आणि त्याच वेळी रबर लोखंडाला धरतं. एकदा असं धरलं की नंतर ओढलं तर रबर फाटावं पण प्लेटपासून सुटू नये, हीच त्याची परीक्षा. पंक्चरवाल्याकडं सोल्यूशन लावून चिकटवून देतात काहीजण, ते दोन घाट टिकत नाही. आणि जुनं रबर गॅस कटरनं जाळून काढू देऊ नका री, प्लेट वाकडी होते आणि घाण धूर होतो तो वेगळाच.

रबर कुठलं? साधं नैसर्गिक रबर व्हायब्रेशनला सगळ्यात चांगलं, फाटायला पण चिवट, पण ऑइलला ते कच्चं, तुमचं मागचं फुगलं ते त्यामुळंच. नायट्राइल ऑइलला पक्कं पण व्हायब्रेशन तितकं गिळत नाही. निओप्रीन दोन्हीच्या मधे. मी असतो तर तिन्ही नैसर्गिकच केली असती आणि ऑइल कुठून गळतंय ते आधी बंद केलं असतं, कारण रबर बदलून ऑइल थांबत नाही. इंजिन खाली आहेच तर मागचं सील बघून घ्या. कडकपणा शोअर ए मधे मोजतात, असल्या पेट्रोल इंजिनला ५० ते ६० च्या मधे ठेवतात. पीयू बहुतेक वेळा ७० च्या वरच असतं, तिथं मामांचं बरोबर आहे. मेस्त्री दुसऱ्या गाडीचं रबर घालतो म्हणतोय, ते जर डिझेल गाडीचं असलं तर ते जड इंजिनासाठी बनवलेलं, तुमच्या हलक्या इंजिनाचं वजन त्याला दाबायला पुरतच नाही, मग ते रबर असून नसल्यागत.

आता ते कारण. सगळ्यात मोठी चूक लोक इथं करतात. बसलेलं जुनं रबर मोजून त्याच उंचीची डाय बनवतात! तुमचं ड्रायव्हर साइडचं पन्नास वर्षं दबून खाली बसलंय, त्याचीच उंची घेतली तर नवं फाउंडेशन पण पहिल्या दिवसापासून बसलेलंच. इंजिन खाली राहणार, फॅन आणि रेडिएटरचं अंतर चुकणार, प्रोपेलर शाफ्टचा कोन चुकणार, आणि तो लिंकेजचा त्रास तसाच. पॅक सेट चालवायला निरुपयोगी असलं तरी त्याची उंची कधीच दबलेली नसते, म्हणून मोजायला ते उत्तम. विकत घेऊ नका, दुकानदाराला सांगून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं हत्यार) घेऊन जा आणि मापं काढून या.

खडेबाजार स्पेअर्स

आम्हा दुकानदारांना फुकटात व्हर्नियर लावून जाणारी माणसं फार आवडतात हो. 😀 या, चहा पण देतो.

विषय निघालाच आहे तर सांगतो. मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजूला फियाटचं काय पाहिजे ते मिळायचं, लोखंडी पार्ट तर ढिगानं. ऑक्टोबर २०२३ मधे शेवटची पद्मिनी टॅक्सी पण गेली, आता तिकडं गाडी तुटायला येतच नाही तर पार्ट कुठून येणार. म्हणून ओरिजिनल ब्रॅकेट भंगारात घालू नका हे मी पण सांगेन, दुकानदार असून सांगतोय. तयार रबराचे सेट मिळतात, काही बरे आहेत काही अगदीच टाकाऊ, पण ब्रॅकेट नवीन कोणी बनवत असल्याचं माझ्या बघण्यात नाही.

बोल्टचं पण बघा. फियाट मिलीमीटरवाली, पण बऱ्याच जागी बारीक पिचचे आटे असतात, १० चा बोल्ट असला तर १.२५ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर. बाजारात सहज मिळतो तो दीडचा. पोरगं दोन आटे हातानं जातंय म्हणून पुढं पान्यानं ओढतं आणि आतले आटे खलास. मामांच्या ॲम्बीत तर इंची आटे, तिथं मिलीमीटरचा बोल्ट म्हणजे वाटोळंच. थ्रेड गेज लावल्याशिवाय एकही बोल्ट बदलू नका, जमेल तिथं जुनाच साफ करून घाला.

कागदपत्रं आणि पासिंग

पार्टचं सगळं झालं, आता थोडं कागदाचं, कारण वेल्डिंगचा विषय वर आला आणि सोडून दिलात.

गाडी पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं पूर्ण झालेली, त्यामुळं हवं असेल तर ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. केंद्रानं जुलै २०२१ मधे मोटार वाहन नियमांत ती तरतूद आणली, नंबरमधे राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं, पुढं परत करायची तर ५ हजार. पण अट काय आहे? गाडी मूळ स्वरूपात पाहिजे आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यात बदल करणारं मोठं काम झालेलं नसावं. रबर बदलणं हे यात कुठंच बसत नाही, ते मेंटेनन्स. क्रॉस मेंबर कापून पट्ट्या मारणं मात्र चासी बॉडीला हात लावणं आहे, आणि तपासायला आलेल्या माणसानं खाली वाकून बघितलं तर ते वेल्डिंग लपत नाही. पुढं कधी कोणाला दुसरं इंजिन बसवायचा मोह झाला तर त्यालाही मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं परवानगी आणि आरसीवर नोंद लागते, तो वेगळा विषय. आपल्या भागात एके काळी डिझेल स्वस्त म्हणून कित्येक फियाट ॲम्बॅसिडरच्या पोटात काहीही इंजिनं घातली गेली आणि त्या प्रत्येकीची फाउंडेशन ब्रॅकेट पहिल्यांदा कापली गेली. आज त्या गाड्या परत मूळ रूपात आणायला निघालेले लोक ब्रॅकेटच शोधत फिरतायत.

तुम्हाला मात्र मी व्हीए घाईनं करा म्हणणार नाही. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्तीला नेणं एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. तुम्हाला आंबोलीला वडापाव खायला जायचंय. नेहमीचं पाच वर्षांचं रिन्यूअल करत राहा. पण दार उघडं ठेवा, म्हणजे वेल्डिंग नको.

निपाणी बायपास

बरं बाबांनो हारलो, पीयूचं नाव काढत न्हाई. पर एक सांगा, त्यो मेस्त्री म्हंतोय त्याला वेल्डिंग मारायला नको म्हटलं तर त्यो बसवणार कसं? काम त्यालाच करायचं हाय. त्याला ह्यो सगळा थ्रेड वाचून दावणार काय हे?

चिकोडीचा ॲम्बी मामा

पहिल्यांदा कामाचं बोललास.

शहापूरकर, मेस्त्रीला "तुझं चुकतंय" म्हणून सांगायला जाऊ नका, माणूस हातचा जाईल. त्याला सांगा, ब्रॅकेट मी करून आणून देतो, तुम्ही फक्त बसवा. त्याचं काम कमीच होतंय की, नको कशाला म्हणेल. आणि बसवताना स्वतः उभे राहा. काय बघायचं ते सांगतो.

इंजिन गाडीत उतरवल्यावर खालून जॅक लावायचा तर चेंबरला (इंजिनाखालची ऑइलची टाकी) थेट नाही, मधे रुंद लाकडी फळी, नाहीतर चेंबरचा पत्रा आत जातो आणि ऑइल ओढायच्या जाळीला टेकतो. बोल्ट तिन्हीकडचे आधी फक्त हातानं लावायचे. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी बाजू ओढून ताणून भोकात बसवायची सवय आहे आपल्याकडं, त्यानं नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं. जॅक काढायचा, इंजिनाचं सगळं वजन रबरावर येऊ द्यायचं, इंजिन हातानं दोन्हीकडं हलवायचं म्हणजे ते आपली जागा शोधतं, आणि मग आवळायचं. सायलेन्सरचा पाइप मॅनिफोल्डला सगळ्यात शेवटी, कारण तो आधी आवळला तर इंजिनाला तोच धरून ठेवतो आणि थोड्या दिवसांत तिथंच तडा जातो.

इंजिन ते बॉडी अर्थची पट्टी विसरू नका! फाउंडेशनमधे रबर आहे म्हणजे इंजिन बॉडीपासून करंटच्या दृष्टीनं तुटलेलं आहे. पट्टी नसली किंवा गंजलेली असली तर सेल्फ मारताना करंट चोक केबलमधून नाहीतर ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापून लाल होते. नवी फाउंडेशन घातल्यावर गाडी सेल्फ घेईना म्हणून बॅटरी बदलणारी माणसं आहेत.

झाल्यावर तपासणी. सपाट जागा, बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, पाय ब्रेकवर दाबून, पहिल्या गिअरमधे क्लच जेमतेम धरेपर्यंत सोडायचा. दुसऱ्यानं बाजूला उभं राहून बघायचं, गाडीच्या पुढं कुणी उभं राहायचं नाही. क्लीनर साइडला इंजिन थोडं उचलणारच, पण परत बसताना ठोका ऐकू आला तर अजून काहीतरी ढिलं आहे. मग रिव्हर्समधे तेच, त्या वेळी दुसरी बाजू उचलते.

शहापूरची डिलाइट

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल ब्रॅकेट तिन्ही धुऊन घेतली रॉकेल नव्हतं म्हणून डिझेलनं, आणि धुतल्यावर एक नवीनच निघालं. ड्रायव्हर साइडच्या ब्रॅकेटला बोल्टच्या भोकापासून केसाएवढी रेघ गेलीय. म्हणजे तडाच म्हणायचा. काकांना दाखवली तर ते गप्प झाले, मग म्हणाले रबर बदल पण ब्रॅकेट तेच पाहिजे. हा मोठाच बदल म्हणायचा त्यांच्यात. मेस्त्री पण मामांनी सांगितल्यासारखं बोलल्यावर लगेच तयार झाला, उलट म्हणाला बरं झालं, मला रबर शोधत हिंडायला नको.

तर ठरवलं ते असं. लोखंड तेच, रबर नवं, मापं खडेबाजारात येऊन घेणार (चहाचं लक्षात आहे). फक्त ह्या तड्याचं काय? आता वेल्डिंग नको नको म्हणून सगळ्यांनी सांगितलं आणि मलाच वेल्डिंगची वेळ आली.

उद्यमबाग रबर मोल्डिंग

क्रॉस मेंबरवर वेल्डिंग नको म्हटलंय री, ब्रॅकेट गाडीतून सुटलेलं आहे, त्याला वेल्डिंग चालतं, पण आधी ते पत्र्याचं दाबलेलं आहे की बिडाचं ओतीव ते बघा. कडेला फाइल मारा. बारीक काळपट पावडर पडली तर बीड, चमकदार कीस निघाला तर स्टील. स्टील असलं तर तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून, म्हणजे तडा पुढं जात नाही, मग वेल्ड, मग सपाट घासून घ्या. बीड असलं तर साध्या रॉडनं कुणी वेल्ड मारू देऊ नका, शेजारीच परत फुटतं. त्याला निकेलचा रॉड, नाहीतर ब्रेझिंग, आणि गरम करून सावकाश थंड करणं, हे करणारा माणूस वेगळा. आपलं गाव फाउंड्र्यांचं आहे, उद्यमबागेत बीड वेल्ड करणारा शोधायला लांब जावं लागणार नाही.

आणि हे सगळं रबर चढवायच्या आधी. रबर चढवल्यावर वेल्ड मारलं तर उष्णतेनं बाँडिंग जातं आणि मग परत माझ्याच दारात.

शहापूरची डिलाइट

फाइल मारली. चमकदार कीस. स्टील आहे.

आणखी एक, डायचा खर्च एकट्याच्या तीन रबरांसाठी जास्त पडतोय, पण डाय झाली की पुढच्या सेटला फक्त रबराचाच खर्च. बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, कोल्हापूर, कुठं कुणाकडं ११००, प्रेसिडेंट नाहीतर पद्मिनी असेल आणि फाउंडेशन करायची असतील तर सांगा, एकत्रच करू. फक्त आपापल्या प्लेटा मापाला जुळतात का ते आधी बघायला लागेल, मॉडेलमधे फरक असू शकतो.

खडेबाजार स्पेअर्स

माझ्या गिऱ्हाइकांत दोघं आहेत, विचारून सांगतो. एकाची ७४ ची पद्मिनी आहे, त्याच्या प्लेटा घेऊनच ये म्हणतो.

निपाणी बायपास

माझ्याकडं फियाट न्हाई पर मेव्हण्याकडं हाय, शेडात पडून, वर कोंबड्या बसतात. फाउंडेशन हायत का न्हाईत रविवारी बघून सांगतो.

चिकोडीचा ॲम्बी मामा

कोंबड्या उठवायच्या आधी दाराचं हँडल ओरिजिनल आहे का बघ, मला एक पाहिजे आहे एका मित्रासाठी.